पिठल्याचं पातेलं

आमच्या स्वयंपाकघरात, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, एक पातेलं आहे जे आमचं नाही. स्टीलचं, दहा-बारा माणसांना पुरेल एवढं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं आहे, ते खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या सासूबाईंचं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. पातेलं आमच्याकडे आलं ते आई गेली त्या दिवशी. मी ते परत केलेलं नाही.

मी मुद्रितं तपासते. घरी बसून, दुसऱ्यांच्या पुस्तकांतली ऱ्हस्व-दीर्घं दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. लग्न केलं नाही, कोथरूडचं हे घर सोडलं नाही. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा नातेवाईक म्हणाले, बरं झालं, तू घरीच असतेस. यात बरं काय झालं ते मी विचारलं नाही.

आई दोन वर्षं अंथरुणावर होती. नर्सिंग ब्युरोची बाई सकाळची यायची, दुपारी जायची. ती नसली की खालच्या काकू वर यायच्या. साठीच्या, गोऱ्या, नीटनेटक्या, पदराला नेहमी हात पुसत असल्यासारख्या. "अगं जा तू, तुझी कामं उरक. मी बसते आईपाशी." सोसायटीत कोणाकडेही म्हातारं माणूस आजारी पडलं की काकू अशाच बसायच्या. पैसे घेत नसत, चहासुद्धा घरून पिऊन येत. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांपाशी त्या बसल्या होत्या. मागच्या इमारतीतल्या, कोणालाच न ओळखणाऱ्या आजींपाशीही. दोघंही काकू बसलेल्या असतानाच गेले, आणि दोन्ही घरची माणसं अजून सांगतात, काय पुण्याई, शेवटच्या क्षणी काकूंचा हात हातात होता.

फक्त माझ्या वडिलांना त्या आवडत नसत. बाबांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते जे बोलतात ते जिन्यापर्यंत जातं.

"या बाई फार चांगल्या आहेत," ते म्हणत. "इतक्या चांगल्या माणसाला घरात घेऊ नये."

"बाबा, हळू."

"हळूच बोलतोय. मला तरी ऐकू आलेलं नाही."

त्या दिवशी मी तपासलेली मुद्रितं द्यायला कर्वेनगरला गेले होते. काम झालं, म्हणून तिथेच एका दुकानात उभी राहून कॉफी पीत होते. कितीतरी दिवसांनी मी काही न करता उभी होते. फोन वाजला. काकू होत्या.

"ये सावकाश. गाडी जोरात चालवू नकोस. आता घाईचं काही राहिलं नाही."

मी पोचले तेव्हा तळमजल्यावरचे डॉक्टर आईच्या उशाशी उभे होते. हृदयक्रिया बंद, ते म्हणाले, झोपेतच. आईचे केस विंचरलेले होते. बाबा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसले होते. मी दारातून आत गेले तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही. डॉक्टर दाखला लिहीत होते तेवढ्यात काकू खाली जाऊन आल्या. एका हातात भाताचा कुकर आणि दुसऱ्या हाताने कमरेवर धरलेलं हे पातेलं. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात आणून देतात. कोणाला सांगावं लागत नाही.

"परत आल्यावर खाल सगळे," काकू म्हणाल्या आणि पातेलं ओट्यावर ठेवलं.

बाबांनी तेव्हा वर पाहिलं. "झालंसुद्धा?" त्यांनी विचारलं.

रात्री स्मशानातून आल्यावर मावशीने पानं वाढली. बाबा जेवले नाहीत. मी दोनदा घेतलं. पिठलं छान होतं, लसणाची फोडणी, वर कोथिंबीर. "सुटली गं," मावशी म्हणत राहिली. "सुटली बिचारी, आणि तूही." मी मान हलवत भात कालवत होते. सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. त्यातल्या एकाने चुकून वाढदिवसाचा केक पाठवला आणि मग काढून टाकला.

पुढच्या आठवड्यात सुचलं. दुःखात असलेल्या माणसाचं डोकं मुद्रितं तपासण्यासारखंच चालतं, पहिल्या वाचनात चूक दिसत नाही. पिठलं ओट्यावर आलं तेव्हाच निवून घट्ट झालेलं होतं, वर पातळ साय धरलेली. नुकतं केलेलं पिठलं असं नसतं. ते तासाभरापूर्वी तरी झालेलं असणार, म्हणजे आई असताना. आणि दुसरं: मी घरी आले तेव्हा आईच्या उशीला नवा अभ्रा होता. जुना बाल्कनीतल्या दोरीवर, धुतलेला, चिमटे लावलेला. अर्ध्या अंगाने निकामी बाईपाशी बसलेली एकटी बाई, ती दगावल्यावर सगळ्यात आधी काय करते? डॉक्टरांना बोलावते. काकूंनी आधी अभ्रा धुतला.

मी हे कोणापाशीही बोलले नाही. काय बोलणार? पिठलं निवलेलं होतं?

महिनाभराने पातेलं परत करायला मी खाली गेले. भांडं रिकामं देऊ नये म्हणून तळाशी मूठभर साखर घातली होती. काकू मेथी निवडत बसल्या होत्या. "बस," त्या म्हणाल्या आणि अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली. मीही निवडायला लागले. दुपारची शांतता होती, कुठेतरी पुनर्विकासासाठी इमारत पाडत होते त्याचे धक्के ऐकू येत होते.

मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं, "आई सुटली काकू. सगळे म्हणतात ते खरं आहे."

"लोकांचं काय," त्या म्हणाल्या. मेथीचं एक पिकलं पान त्यांनी बाजूला टाकलं. "आपणहून कोणी सुटत नाही गं. सोडवावं लागतं."

मी तीस वर्षं भाषेतल्या चुका काढते आहे. सुटणे या क्रियापदाला दुसरं माणूस लागत नाही. सोडवणे म्हटलं की कर्ता शोधावा लागतो. कर्ता माझ्यासमोर मांडी घालून बसला होता.

"तुम्ही सोडवलंत आईला," मी म्हणाले. प्रश्न विचारायचा होता, पण तसा तो निघाला नाही.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, गृहपाठ उशिरा आणलेल्या मुलीकडे बघावं तसं. "अभ्रा लगेच पाण्यात घातला मी. लाळेचे डाग राहिले की निघत नाहीत. उशी मात्र उन्हात घाल एकदा."

"काकू, तिने मागितलं होतं का?"

"तिला बोलता कुठे येत होतं?"

"मग?"

"अगं, मग काय? सासूबाईंच्या वेळी मीही रडले होते. किती वर्षं केलं त्यांचं. त्यांनी एकदा हात धरून ठेवला माझा, बराच वेळ. तेव्हा फार वाईट वाटलं." त्यांनी देठं एका वर्तमानपत्रावर गोळा केली. "नंतर हात बसला."

स्वयंपाकाबद्दल बोलतात तसं. पुरणपोळीला हात बसतो, भाकरीला बसतो. मी उठले. पातेलं पुन्हा उचललं, साखरेसकट.

"ते ठेवून जा ना," काकू म्हणाल्या.

"नको. घासायचं राहिलंय," मी म्हणाले, आणि ते लखलखीत भांडं घेऊन जिना चढले.

पोलिसांत गेले नाही. दाखला होता, राख नदीत गेली होती, आणि पुरावा म्हणून माझ्याकडे एक व्याकरणाचा मुद्दा होता. गणपतीत सोसायटीने काकूंना शाल आणि श्रीफळ दिलं, रुग्णसेवेबद्दल. मानपत्र लिहायला अर्थातच मला सांगितलं. 'अनेकांना त्यांनी अखेरच्या क्षणी सोबत केली,' असं मी लिहिलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. टाळ्या बराच वेळ चालल्या.

मग बाबा न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड. वयामुळे आणि हृदयामुळे शस्त्रक्रिया करता येणार नाही असं ठरलं. आता ते आईच्याच पलंगावर असतात. ब्युरोची बाई सकाळची येते, दुपारी जाते. मी बाहेर जात नाही. प्रकाशकांना सांगितलं, मुद्रितं मेलवर पाठवा. भाजी दाराशी येते.

काकू रोज वर येतात. मी आतलं दार उघडते, बाहेरची जाळी उघडत नाही.

"किती वाळलीस गं. मी बसते बाबांपाशी. जाऊन ये कुठेतरी, कॉफी पिऊन ये."

कॉफीचं मी त्यांना कधीच सांगितलेलं नव्हतं. कदाचित सहज म्हणाल्या असतील.

"बाबा झोपलेत, काकू."

"झोपेतच बरं पडतं," त्या म्हणाल्या. आणि जाताना, "पातेलं घासून झालं का? मला लागेल."

"कोणाकडे लागेल?"

जाळीतून माझ्या खांद्यावरून त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "घाई नाही. घासून झालं की दे."

काकूंकडे दुसरं पातेलं नसेल असं नाही. पण तिन्ही वेळी त्यांनी हेच आणलं होतं, दुसऱ्या मजल्यावर, मागच्या इमारतीत आणि आमच्याकडे. त्यांना सवय मोडवत नसावी. पन्नाशी उलटलेली, चांगलं शिकलेली बाई म्हणून मला माहीत आहे की भांडं अडवून मरण अडत नाही. तरी ते वरच्या फळीवर आहे.

काल दुपारी मी बाबांची कूस बदलत होते. पाठीला जखम झाली आहे, हात लागला की ते डोळे मिटतात, बोलत नाहीत. काल बोलले.

"त्या दिवशीचं पिठलं कसं होतं गं?"

"कोणत्या दिवशीचं?"

"तुझी आई गेली त्या. मी जेवलो नव्हतो."

"चांगलं होतं."

"लसूण होता?"

"होता."

ते पंख्याकडे पाहत राहिले. त्यांना ऐकू कमी येतं, कळतं सगळं. ते त्या दिवशी बाहेरच्या खोलीत बसून होते आणि त्यांना पिठल्याची वेळही माझ्याआधी कळली होती.

"बोलाव एकदा त्यांना," बाबा म्हणाले. "इतक्या चांगल्या बाई आहेत."

"नाही."

"तुलाही जरा बाहेर पडता येईल."

"बाबा, नाही म्हटलं ना."

"तू विचार कर," ते म्हणाले. "मी काय, पडूनच आहे."

त्यांच्या पाठीला पावडर लावली, चादर बदलली, चादरीवरचा डाग साबणाने चोळला. तो निघाला नाही. मग स्वयंपाकघरात गेले, स्टुलावर चढले आणि पातेलं खाली काढलं. त्यात धूळ बसली होती. बराच वेळ ते ओट्यावर ठेवून मी नुसती उभी होते. खाली काकूंच्या खिडकीतून फोडणीचा वास येत होता. मी पातेलं घासलं, कोरडं पुसलं, पुन्हा स्टुलावर चढले आणि ते होतं तिथे पालथं घातलं. फळीवर आवाज झाला.

"काय पडलं?" आतून बाबांनी विचारलं.

"काही नाही. भांडं ठेवलं."

"कोणाचं?"

"आपलंच," मी म्हणाले.