सातव्या रांगेतल्या माद्या

माझी मावशी माशांच्या खोलीत कामाला आहे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मासळीबाजार येतो. तसं नाही, ती प्रयोगशाळा आहे. काचेच्या टाक्यांत गप्पी मासे, ऊबदार पाणी, पंपांची संथ गुणगुण. पाच मिनिटं बसलं की डोळे जड होतात आणि आपणही तरंगतोय असं वाटायला लागतं. मावशीचं निम्मं आयुष्य तिथे असंच तरंगत गेलं.

तिथल्या मॅडम सांगतात, नर आणि मादी, दोघांत जीन्स बहुतेक तीच. फरक आवाजाचा. एखादं जीन नरात मोठ्याने बोलतं, मादीत कुजबुजतं. माद्यांना नर निवडूच दिला नाही, तर काही पिढ्यांनी नरांमधला तो आवाज खाली येतो का, हे मॅडमना बघायचं होतं. म्हणून दहा रांगांमधल्या जोड्या चिठ्ठ्या टाकून लावायच्या. चिठ्ठ्या मावशी काढायची.

वीस पिढ्यांनी नऊ रांगांत आवाज उतरला. सातव्या रांगेत जसाच्या तसा. काहीतरी नवंच सापडलं म्हणून मॅडम हरखून लेख लिहायला बसल्या आणि खरं कारण एकट्या मावशीला ठाऊक होतं. त्या रांगेतली तिसऱ्या पिढीची एक मादी चिठ्ठीतल्या नराला बघून दिवसभर कोपऱ्यात दडायची. मावशीला ते बघवेना. तिने गुपचूप त्याच रांगेतला, मादीला आवडेल तो नर आणून सोडला. मग तिच्या लेकींसाठीही, नातींसाठीही, अगदी विसाव्या पिढीपर्यंत.

आता गप्प बसावं तर मॅडमचं नाव खोट्यावर उभं राहणार, बोलावं तर नोकरीवर गदा. मला तर तिचा रागच आला. "कुणी सांगितली होती नसती उठाठेव?" मी म्हटलं. तीन दिवस तिला घास गेला नाही. चौथ्या दिवशी तिने सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी लेखातून सातवी रांग खोडली. नोकरी राहिली, चिठ्ठ्यांचं काम गेलं.

"पण का केलंत असं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या लग्नात मला कुणी विचारलं नव्हतं," मावशी म्हणाली. "तिला तरी विचारावं असं वाटलं."

हे तिने आम्हाला जेवताना सांगितलं. काका, म्हणजे तिचे यजमान, मान खाली घालून जेवत होते.

"आणि आता विचारलं तर?" ते हळूच म्हणाले.

"आधी विचारा तर खरं."

तीस वर्षांच्या संसारानंतर काकांनी विचारलं. मी माझं ताट उचलून स्वयंपाकघरात गेले.