काट्यावरची वहिदाखाला

शहागंजच्या मागच्या गल्लीत वहिदाखाला बुरखे शिवतात. विश्वास कुणावरच नाही. खाटकाचा काटा आधी रिकामा बघतात, मगच मटण चढवू देतात. त्यामुळं गल्लीतल्या आरोग्य शिबिराचं काम बघणारे गणिताचे रामकिसन सर आले, तेव्हा त्यांची खुर्ची उंबऱ्याबाहेरच पडली.

सरांनी समजावून सांगितलं. मधुमेह आणि कॅन्सर यांचं नातं ते गणितानं मांडतात. शिबिरातल्या प्रत्येकाचे दोन वर्षांचे आकडे त्यात घातले, की कुणाला आधी तपासायचं ते कळतं. खालांची साखर वर्षात एकदम चढली होती, वजन उतरलं होतं. साठीनंतर दोन्ही एकदम झालं, तर क्वचित स्वादुपिंडात कॅन्सर दडलेला असतो.

"म्हंजे मला हाय?"

"गणित तसं म्हणत नाही, खाला. स्कॅन करा, एवढंच म्हणतं. फुकट आहे."

"फुकट?" खालांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग तर बेटा, तुझ्यावर नजरच ठेवायला पायजे."

सर गेले. आत धाकटी जाऊ शमशाद ओढणी तोंडात कोंबून हसत होती. "भाभी, गेल्या साली काट्यावर मी होते ना!"

खरंच की. गेल्या वर्षी शिबिर ऐन ईदच्या तोंडावर आलं. शिवणाचा ढीग पडलेला, म्हणून खालांनी आपलं कार्ड देऊन शमशादला धाडलं होतं. बायकांच्या रांगेत नकाब वर करा म्हणणार कोण? अंगानं भरलेली शमशाद आणि काटकुळ्या खाला, दोघी मिळून गणितात एकच बाई झाल्या होत्या.

दोघी पोट धरून हसल्या. खाला मशिनीवर बसल्या, पण पाय चालेना. अंगातल्या बुरख्याची शिवण त्यांनी चाचपली. वर्षात दोनदा तो बाजूंनी आत घेतला होता. कपडा सैल पडतो, असं म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्या सरांकडं गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. सरांनी डोक्याला हात लावला. जुना आकडा काढला, तर गणित गप्प झालं. एकाच वर्षाच्या आकड्यावर ते काही सांगू शकत नव्हतं.

"सॉरी खाला, उगाच घाबरवलं. आता स्कॅनची गरज..."

"थांब. गणिताचा शक गेला, माझा नाय गेला." खालांनी बुरख्याची बाजू उलटून दोन्ही टाके दाखवले. "चिठ्ठी लिव."

सरांनी लिहिली. खालांनी ती पुढून वाचली, मागून वाचली, मगच पिशवीत ठेवली.