लेकीच्या लॅपटॉपमधली रॅमची पट्टी कुठं गेली?

कीबोर्ड बदलायला लॅपटॉप दिला होता, आतलं सामान काढून घ्यायला न्हाई! कंधारकरांनो, ऐका.

माझी लेक कोर्ससाठी लॅपटॉपातच दुसरा कॉम्प्युटर चालवते, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. दुरुस्ती झाल्यापासून ती मशीन उघडेस्तोवर माझ्या भाकरी थापून होतात. इचारलं तर दुकानदार म्हणला, "ताई, पोरगी लई बोजा टाकून राहिली." मी पण तिलाच बोलले.

आज तिनं पाठीमागचं झाकण खोललं. घेतला तवा रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, त्यांच्यावरच मशीन जोरात चालते; आता एकच! ती म्हणली, "मम्मी, आता तरी पटलं का?"

सोमवारी तिची ह्याच मशीनवर परीक्षा हाय. दुकानदार ह्याच ग्रुपात हाय. दादा, पट्टी कुठं हाय ते शनिवारपर्यंत इथंच, सगळ्यांसमोर सांगा.