टीं-टीं झालं की माझी एन्ट्री!

नाटक दोन तासांत संपतं, तालमींचे किस्से काही संपत नाहीत. आम्ही दुबई-शारजातल्या मराठी मंडळींनी एकच नाटक केलं, पण त्याच्यावर पुढची दहा गेट-टुगेदर सहज निघतील!

एका थोर संगीतकाराने ऐन तरुणपणी केलेलं विनोदी संगीत नाटक होतं ते. पुढे ते एवढे मोठे झाले, की हे पहिलं पोर सगळेच विसरले. चाली उरल्या फक्त आमच्या बापूकाकांच्या डोक्यात, कारण त्यांचे वडील त्या नाटकात पेटी वाजवायचे. आणि काका महिन्याभरात कायमचे सांगलीला परतणार होते. "माझ्यामागे या चाली कुणी गाणार का गं?" एवढाच घोर लागला होता त्यांना.

*

नायिका मी. वय सत्तेचाळीस, नाटकात सोळा! लेकीने स्क्रिप्ट चाळलं नि विचारलं, "मम्मा, इज इट अ कॉमेडी?"

"हो."

"देन इट्स ओके!"

*

दुबईत अल मनखूलमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये गायलो की शेजारी भिंत ठोकायचे. मग रत्नागिरीच्या इकबालभाईंनी शारजा औद्योगिक क्षेत्रातलं आपलं गोडाऊन दर रविवारी देऊ केलं. "भाडं नको. पण जेवल्याबिगर कुणी हलायचं नाय!"

वहिनींची बिर्याणी हाणून आमचा नायक वरच्या 'सा'ला पोचेना. काका म्हणाले, "सूर आहे रे, पण बिर्याणीखाली दबलाय!" खरंच सांगते, परक्या मुलखात असं आग्रहाने वाढणारी माणसं भेटायला नशीब लागतं.

*

गोडाऊनचा फोर्कलिफ्ट चालवायचा गुलजान पठाण. मराठीचा गंध नाही, पण नायकाचं गाणं चालू असेपर्यंत बिचारा गाडी बंद ठेवायचा. गाणं संपलं की रिव्हर्स. टीं-टीं-टीं! नेमकी तेव्हाच माझी एन्ट्री, गात गात.

प्रयोगाच्या दिवशी गाणं संपलं. मी विंगेत उभी ती उभीच! नायक तीनदा म्हणाला, "आली वाटतं!" शेवटी काकांनी पेटीची वरची पट्टी दाबली, टीं-टीं-टीं! मी धाडकन स्टेजवर.

आणि पहिल्या रांगेतले इकबालभाई सवयीने उठून बाजूला झाले!

*

काका सांगलीला पोचले. पुढच्या रविवारी मी पडदे आणायला गोडाऊनमध्ये गेले. गुलजान फोर्कलिफ्ट मागे घेत होता. टीं-टीं झालं, आणि तो चक्क माझं गाणं गायला लागला! शब्द एकही धड नाही, चाल मात्र अख्खी. माझे डोळेच भरून आले. गुपचूप रेकॉर्ड केलं आणि काकांना पाठवलं.

दोन निळ्या टिक आल्या. मग काकांचा व्हॉइस मेसेज आला:

"त्याला सांग, दुसऱ्या ओळीत गंधार कोमल आहे. रविवारपर्यंत घोटवून घे आणि परत पाठव. यल्ला, लाग कामाला!"