व्हर्नाने मिटून ठेवलेल्या खोल्या

व्हर्ना होल्शरने शाळेच्या भटारखान्यात चौतीस वर्षं स्वयंपाक केला. लग्न केलं नाही. सेंट लुईसच्या दक्षिण भागातलं आईवडिलांचं विटांचं घर एकटीने सांभाळलं. चांदीचा कागद ती धुऊन दोरीवर वाळत घाली. तळघरातली घर तापवणारी भट्टी सव्वीस वर्षांची होती, आणि एकाही हिवाळ्यात तिने दगा दिला नव्हता.

त्या जुलैत मात्र तिने हात सैल सोडला. थोरला भाऊ विल्बर्ट वीटभट्टीवर फुफ्फुसं घालवून वृद्धाश्रमात पडला होता. "इथले बटाटे कच्चेच मरतात," तो फोनवर कुरकुरायचा. व्हर्नाला त्याला घरी आणायचं होतं. वृद्धाश्रमाच्या बाईंनी अट घातली. बाहेर शंभर फॅरनहाइट का असेना, त्याच्या खोलीत पारा पंच्याहत्तरच्या आत हवा. शुक्रवारी त्या स्वतः येऊन बघणार होत्या. नाहीतर उन्हाळा सरेपर्यंत तो तिथेच. उन्हाळा सरलेला त्याला दिसेल की नाही, हे कुणीच बोललं नाही.

जुना एसी धापा टाकत होता. व्हर्नाने नवा बसवून घेतला. भट्टी बदलू दिली नाही.

"भट्टी ठणठणीत आहे, मिस व्हर्ना," कर्टिस म्हणाला होता. एसी बसवणारा तो. "गार हवासुद्धा तिचाच पंखा घरभर ढकलेल. चालेल."

बुधवारी दुपारी घरात हवा येईना. तळघरातल्या एसीच्या नळीवर बोटभर बर्फ चढला होता. कर्टिस आला, गुडघ्यावर बसून बघत राहिला. त्याने एसी बंद केला आणि बर्फ वितळायला नुसता पंखा चालू ठेवला.

"पंख्याला हवा ढकलता येत नाहीये. वर जमिनीतल्या हवा सोडणाऱ्या सगळ्या जाळ्या उघड्या आहेत ना?"

"सगळ्या."

"मग पंखाच कमी पडतोय. मीच चुकलो. भट्टी बदलावी लागेल. पण पुढच्या मंगळवारच्या आत होणार नाही."

"शुक्रवार आहे माझा, कर्टिस."

"माहीत आहे हो."

व्हर्ना पायरीवर बसली. रडली नाही. एप्रनने चष्मा पुसत राहिली. कर्टिसला ते बघवेना. तो छताकडे बघू लागला. पत्र्याच्या मोठ्या नळातून लहान नळ फुटून वरच्या खोल्यांकडे गेले होते. त्याने बोटाने मोजले. पुन्हा मोजले.

"मिस व्हर्ना, इथून अकरा नळ वर जातात. वर मला पाचच जाळ्या दिसल्या."

"वापरातल्या पाचच."

"आणि बाकीच्या?"

"त्या खोल्यांत कोण असतं? रिकाम्या खोलीला ऊब देणं म्हणजे पाप, आई म्हणायची."

ती खोटं बोलली नव्हती. त्या सहा जाळ्या तिच्या लेखी जाळ्या उरल्याच नव्हत्या. दोन गालिच्याखाली होत्या, एक पेटीखाली. दोन तिने पुठ्ठा लावून चिकटवल्या होत्या. सहावी जेवणघरात, आईच्या काचेच्या कपाटाखाली.

"जुन्या एसीनं कसं चालवून घेतलं कोण जाणे," कर्टिस म्हणाला. "नव्याला जास्त हवा लागते. तुम्ही पंख्याचा गळा आवळून त्याला गाणं म्हणायला सांगताय."

"मग उभा का? कपाट धर."

"आधी बशा काढा."

"बहात्तर आहेत."

"वा! आणि जेवायला कोण येतं?"

"तोंड चालव कमी. एकसुद्धा फुटली तर तुझ्या आईला फोन करीन."

बशा काढता काढता संध्याकाळ झाली. कपाट हातभर सरकलं, बाकीच्या पाच जाळ्याही मोकळ्या झाल्या. तोवर बर्फ उतरला होता. कर्टिसने एसी पुन्हा सुरू केला. व्हर्नाने चप्पल काढली आणि सहाव्या जाळीवर पाय ठेवला. बराच वेळ ठेवला.

"येतेय?" तळघरातून आरोळी आली.

"ओरडू नकोस. येतेय."

शुक्रवारी बाईंनी विल्बर्टच्या खोलीत तापमापक अर्धा तास ठेवला. त्र्याहत्तर. सही केली, लोण्याच्या केकचा तुकडा खाल्ला, दुसरा कागदात गुंडाळून नेला.

शनिवारी विल्बर्ट आला. प्राणवायूचं नळकांडं ओढत सगळ्या खोल्यांतून फिरला. जेवणघरात थांबला. दम खाल्ला.

"इथे बसू."

"स्वयंपाकघरात ताटं मांडलीत."

"तीस वर्षं दर रविवारी मला त्या स्टुलावर जेवायला घातलंस. ही खोली कुणासाठी राखली होतीस? पाद्र्यासाठी?"

"पाहुण्यांसाठी."

"मग मी कोण?"

व्हर्ना आत गेली आणि दोन्ही ताटं घेऊन आली. तो दोनदा बटाटे मागून जेवला. घास आणि श्वास यांची सांगड घालायला त्याला वेळ लागत होता. ती समोर बसून राहिली. घाई नव्हती.