गाडीला दिसलेला माणूस

ती केस आठवली की आजही माझी मूठ आवळते. चोर, दरोडेखोर, खुनी यांच्यावर मी नोकरीत कधी फारसा चिडलो नाही. त्यांनी पळायचं, मी धरायचं, हिशोब सरळ होता. पण या केसमध्ये ज्यांचा मला राग आला, त्यांतल्या एकालाही मला हात लावता आला नाही. म्हणून हे लिहितो आहे. नावं कुणाचीच देणार नाही.

मी तेव्हा कोल्हापूरजवळ महामार्गालगतच्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. मूळचा गडहिंग्लजकडचा. आमच्या घराण्यात कॉलेजात जाऊन पदवी घेतलेला मी पहिला, आणि ते सांगायला मला आजही लाज वाटत नाही. त्या पदवीनं नोकरी दिली, पण त्याहून मोठी एक सवय दिली. जे समजलं नाही, ते समजलं म्हणून सही करायची नाही.

एका संध्याकाळी, ऊन कलतं असताना, ठाण्यात अपघाताचा फोन आला. उचगावच्या पुढं पुलाच्या कामासाठी रस्ता वळवला होता. त्या वळणाच्या तोंडाशी एक मोटरसायकल मोटारीला मागून धडकली होती. मोटार नवी कोरी, काचेवरचं स्वस्तिकही पुसलं गेलं नव्हतं. मोटरसायकलवरचा तरुण जागीच गेला. डोक्यात हेल्मेट होतं, पण मार छातीला बसला होता. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तो कामाला होता आणि पाळी संपवून गावी निघाला होता. शेतकरी कुटुंब, आई-बापाला एकुलता एक.

हवालदारांनी पंचनामा केला. मोटारीच्या चाकांचे काळे ओरखडे रस्त्यावर स्पष्ट होते, म्हणजे ब्रेक करकचून लागलेला. पुढं मात्र काहीच नाही. ना जनावर, ना खड्डा, ना माणूस. मागून धडकला त्याची चूक, असं धरून कागद पुढं सरकतात. हाही सरकला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा एक जुना खबऱ्या ठाण्यामागच्या चहाच्या गाड्यावर भेटला. पेट्रोल पंपाशेजारी तो पंक्चर काढतो.

“साहेब, अपघात न्हाय त्यो,” तो हळूच म्हणाला. “पंपावर भांडाण झालतं दोघांचं. गाडीवाल्यानं हॉर्न लावून धरला, तर पोरगं म्हणलं, ‘गाडी मोठी म्हणून पंप तुझ्या बाचा काय रं?’ गाडीवाला म्हणला, ‘चल म्होरं, तुला दावतोच.’ आणि म्होरं हे असं.”

पंपाच्या कॅमेऱ्यात आवाज नव्हता, पण हातवारे होते. मोटार आधी निघाली, मोटरसायकल मागून. पंपावरच्या कामगारानं शब्द जसेच्या तसे जबाबात दिले. दुपारपर्यंत ही गोष्ट मुलाच्या गावात पोचली आणि ठाण्यासमोर माणसं जमली. ब्रेक मारून मारलं, खुनाचा गुन्हा घ्या, अशी मागणी. मुलाचा बाप गर्दीत होता, पण ओरडत नव्हता. टोपी हातात धरून भिंतीला टेकून उभा होता.

गाडीवाल्याला आणला. शिरोलीत त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं. चाळिशीचा, गळ्यात चेन, बोलण्यात गुर्मी. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, “साहेब, माझा टाईम वाया चाललाय.”

“त्या पोराचा तर संपलाच,” मी म्हणालो. मग तो खुर्चीत बसला.

“भांडण झालं होतं?”

“झालतं. बोललो मी तसं. रागात माणूस बोलतोय की.”

“मग ब्रेक का मारलास?”

“मी ब्रेकवर पायच ठेवला न्हाय.”

“मग गाडी थांबली कशी?”

“सोताच थांबली. समोर पडद्यावर लाल माणूस आला, टुंग-टुंग वाजलं आणि गाडीनं ब्रेक मारला. मी स्टेअरिंगवर आपटलो.”

दारातले हवालदार हसले. “साहेब, गाडीनं सोताच ब्रेक मारला म्हणं. उद्या म्हस सोताच धार काढून घेईल.”

खोलीत सगळे हसले. मलाही हसू आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण गाडीवाला हसला नाही, चिडलाही नाही. इतका वेळ गुर्मीत बोलणारा माणूस एकदम रडकुंडीला आला. “माझ्या पोरांची शप्पत साहेब. मी त्याला दावणार हुतो म्हणजे पुढं गाडी आडवी घालून चार शिव्या देणार हुतो. मारणार कशाला?”

खोटं बोलणारा माणूस सहसा पटेल असं खोटं बोलतो. कुत्रं आडवं आलं म्हणाला असता तर कुणी शंका घेतली नसती. यानं मात्र कुणीच विश्वास ठेवणार नाही असं कारण निवडलं होतं आणि चार वेळा उलटसुलट विचारूनही ते बदलत नव्हतं. लाल माणूस, टुंग-टुंग, ब्रेक. माणूस मला आवडला नाही. पण तेवढ्यावर मी त्याला खुनी ठरवणार नव्हतो. न्यायालयानं कोठडी दिली होती आणि ती संपायच्या आत मला ठरवायचं होतं. एकदा खुनाचं कलम लागलं की हा माणूस वर्षानुवर्षं बाहेर येणार नव्हता. आणि त्यानं खरंच मुद्दाम केलं असेल आणि मी त्याला साध्या अपघातावर सोडला, तर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्या बापाला मी काय तोंड दाखवणार होतो?

साध्या कपड्यात एकटाच जागेवर गेलो. वळणाच्या तोंडाशी उभं राहून येणाऱ्या गाड्यांकडं पाहिलं. रस्ता डावीकडं वळतो, पण ज्या रेषेत गाडी येते, त्या रेषेत नाकासमोर रिकामी जागा. त्या जागेत मातीत दोन बांबूंचे तुटके बुडखे आणि तारेचं वेटोळं पडलं होतं. बाजूला एक बाई चहाची टपरी चालवत होत्या.

“मावशी, अपघात झाला तेव्हा इथं कुणी माणूस रस्त्यात आला होता का?”

“समदी हेच इचारत्यात पावणं. कोण न्हवतं. दादा तेवढं उभं हुतं.”

“कोण दादा?”

“फलकावरचं वो. वाढदिस न्हवता का त्येंचा? येवढं मोठ्ठं, माणसागत, हात जोडून चालत आल्यालं. पयल्या दिशी मीच दचकलो.”

पंचनाम्यात झाडं येतात, खांब येतात, मैलाचे दगड येतात. पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक कोण लिहितो? आपल्याकडं ते गवतासारखे उगवतात. फलक लावणारी पोरंही हुशार. वळणाच्या तोंडाशीच बांधतात, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाची नजर आपोआप त्यावर पडते. फक्त ही नजर माणसाची नव्हती.

“मग कुठं गेला तो फलक?”

“आमच्या दिरानं काढला की. गोठ्यावर घातलाय. पत्रा गळत हुता.”

गोठ्यावर गेलो. दोन म्हशींच्या वर दादा उताणे पसरले होते, हात जोडलेलेच. पांढरे कपडे, एक पाय पुढं, आणि मागं छापलेला लांबलचक डांबरी रस्ता. हा रस्ता मीच आणला, हे लोकांना सांगायचं होतं ना. पूर्ण उंचीचा माणूस, चालताना, रस्त्यावर. मी तिथंच शेणात उभा राहिलो आणि डोक्यात टुंग-टुंग वाजलं. गाडीच्या कॅमेऱ्याला हाच माणूस दिसला असणार आणि त्याला वाचवायला तिनं आपोआप ब्रेक मारला असणार.

फलक ताब्यात घेताना म्हशींचा मालक म्हणाला, “न्या की साहेब, पर परत आणून द्या. जनावरं भिजत्यात.”

आरटीओचे अधिकारी, दोन पंच आणि आमची माणसं घेऊन मी प्रात्यक्षिक ठेवलं. मागची वाहतूक थांबवली. फलक धुऊन त्याच जागी नवे बांबू रोवून बांधला. मुलाच्या बापालाही निरोप धाडला होता. त्यांना हे डोळ्यांनी बघायचा हक्क होता.

सकाळी तीच गाडी चालवली. काही नाही. पुन्हा चालवली. काही नाही. हवालदारांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी म्हणालो, थांबू. अपघात ज्या वेळेला झाला तशी उन्हं येऊ देत. जेवणाचे डबे खाल्ले, थांबलो. ऊन कललं, उजवीकडून तिरकं फलकावर पडलं आणि दादा असे उजळले की खरेच चालत येतायत असं वाटलं. मी चालकाच्या शेजारी बसलो. वळण जवळ आलं. चालकाचा पाय ब्रेकपासून लांब होता, मी बघत होतो. पडद्यावर लाल माणूस उमटला, टुंग-टुंग झालं आणि गाडी अशी थांबली की पट्टा माझ्या छातीत रुतला.

मुलाचा बाप फलकाजवळ गेला. त्यावर हात फिरवला, पाठीमागं जाऊन बघितलं, पुन्हा पुढं आला.

“ह्या कागदासाठी थांबली?” त्यांनी मला विचारलं. “आणि माझं पोरगं हाडामासाचं, मागनं येत हुतं, ते न्हाय दिसलं तिला?”

मी स्वतःच बांबूवरच्या तारा सोडायला लागलो.

खुनाचं कलम लागलं नाही. मी तसा अहवाल दिला आणि वरिष्ठांशी भांडून टिकवला. पुढं ते गाडीवाल्याच्या निष्काळजीपणाचं प्रकरण म्हणून न्यायालयात गेलं. आता रागाचं सांगतो.

गाडीच्या कंपनीचा माणूस पुण्याहून आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. म्हणाला, “सर, सिस्टीमनं आपलं काम बरोबर केलं. माणूस दिसला, ती थांबली.”

“माणूस नव्हता.”

“सिस्टीमच्या दृष्टीनं होता, सर. आणि अंतिम जबाबदारी चालकाचीच असते, हे आम्ही लिहून दिलेलं आहे.”

लिहून दिलेलं आहे! शोरूममध्ये गाडी देताना काय दिलं? हार, पेढे, हातभर लांबीची खोटी किल्ली आणि फोटो. गाडीवाल्यानं विचारलं होतं, हे बटण कशाचं? विक्रेता म्हणाला होता, “काळजी करू नका, गाडी तुम्हाला सांभाळते.” विकताना गाडी सांभाळणार आणि माणूस मेला की चालकानं सांभाळायचं. मी टेबलावर हात आपटला तेव्हा तो इस्त्रीवाला म्हणाला, “सर, आपण भावनिक होताय.” होतोय. झालोच पाहिजे. ज्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, म्हशी, उलट्या दिशेनं येणारे सायकलवाले आणि पावलोपावली हात जोडलेले दादा आहेत, त्या रस्त्यावर ती गाडी विकण्याआधी एकदा तरी चालवून बघायची होती.

दादांचं म्हणणं आणखी सोपं. “कार्यकर्त्यांनी प्रेमापोटी लावला, मला कल्पना नाही.” कार्यकर्ते म्हणाले, परवानगी पंचायत देते. पंचायत म्हणाली, रस्ता महामार्गाचा. महामार्गवाले म्हणाले, फलक आमच्या हद्दीच्या बाहेर. मी प्रत्येकाचा जबाब घेतला. प्रत्येक जबाब बरोबर होता, आणि एक पोरगा मेलेला होता.

मी निवृत्त झालो. मग एके दिवशी माझ्या जुन्या ठाण्यातून फोन आला. “साहेब, तुमच्या केसमधल्या पोराच्या वडलांना आणलंय. जरा या.”

गेलो. त्याच भिंतीला टेकून ते बसले होते, पायाशी विळा. दादांचा वाढदिवस पुन्हा आला होता, त्याच वळणावर पुन्हा फलक लागला होता आणि यांनी तो उभा चिरला होता. चार पोरं तक्रार घेऊन आली होती, गळ्यात उपरणी.

“साहेब, आमच्या दादांवर विळा चालवलाय ह्येनं!” त्यातला एक ओरडला. “आज फोटूवर, उद्या माणसावर चालवंल!”

म्हाताऱ्यानं मान वर केली. आवाज चढवला नाही.

“माणूस न्हाय त्यो, कागूद हाय. मला कळतंय की. ज्यास्नी कळत न्हाय, त्यास्नी धरून आणा.”

हवालदार तेच होते, म्हशीचा विनोद करणारे. त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

या केसनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. हेच, की गुन्हेगार शोधताना आपण नेहमी एक माणूस शोधतो. आता असेही मृत्यू होऊ लागलेत ज्यांत प्रत्येकाचा थोडा थोडा हात असतो आणि कुणाचाच पुरता नसतो. मशीन बनवणारा, विकणारा, फलक लावणारा, परवानगी देणारा, बघून न बघणारा. कायद्याला एक मान लागते फास बसवायला. इथं मान सापडत नाही आणि म्हणून सगळे निवांत झोपतात. जागा राहतो तो एकटा बाप.

मी ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढची खुर्ची ओढली आणि म्हणालो, “तक्रार घ्यायची तर घ्या. आधी माझी घ्या. त्या वळणावर पुन्हा फलक लावून लोकांच्या जिवाला धोका निर्माण केला म्हणून, या चौघांविरुद्ध. फिर्यादी मी. साक्षीदार हे.”

पोरं एकमेकांकडं बघू लागली. म्हाताऱ्यानं विळा उचलला, धोतराला पुसला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला.