निरगुडीचं पाणी

महाडच्या एका सरकारी कचेरीतून कारकून म्हणून भिकाजी निवृत्त झाले, तेव्हा त्यांची साखर तीनशेच्या घरात होती. डॉक्टरांनी खडसावलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. सकाळी दोन तास चालणं, भाताऐवजी नाचणीची भाकरी, पालेभाज्या, शनिवारी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन गुडघे शेकणं. वर्षभरात चौदा किलो वजन उतरलं. डॉक्टरांनी तीनपैकी दोन गोळ्या बंद केल्या. तिसरी चालूच राहिली, पण ती भिकाजी कुणाला सांगत नसत.

रविवारी बुद्धविहारात लोक त्यांच्याभोवती बसत. औषधाविना बरा झालेला माणूस अशी ओळख झाली होती आणि ती त्यांना गोड लागत होती.

धाकटी बहीण चंपाबाई पोलादपूरजवळच्या वाडीत एकटी राहायची. तिलाही साखर होती. एकदा तिने विचारलं, "दादा, तुझ्या गोळ्या सुटल्या म्हनतात. खरं हाय?"

"सुटल्या," भिकाजी म्हणाले.

चंपाबाईने आपल्या गोळ्या फडताळात टाकून दिल्या. पायांना मुंग्या येत, म्हणून भावानेच सांगितलेला निरगुडीचा पाला उकळून ती पाय बुडवून बसू लागली. साखरेमुळे पायांना गरम-गार कळणं केव्हाच थांबलं होतं, त्यामुळे पाणी किती कढत आहे ते तिला कळलंच नाही. फोड आले, चिघळले. आठ दिवस तिने कुणाला सांगितलं नाही. ताप भरला तेव्हा शेजारच्या रंजिताने भिकाजींना फोन केला. दवाखान्यात नेईपर्यंत उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. ती कापावी लागली.

"गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुनी नाय. माझी मीच," चंपाबाई म्हणाली.

भिकाजी खाटेशी उभे होते. डॉक्टर गेल्यावर ते हळूच म्हणाले, "चंपे, मी अजून एक गोळी घेतो. रोज."

तिने मान वळवून विचारलं, "मग तवा का नाय सांगितलंस?"

"लोक मोठं म्हनत होते गो."

तिने भिंतीकडे तोंड केलं. चार दिवस ती भावाशी बोलली नाही.

पुढच्या रविवारी भिकाजींनी विहारात सगळं सांगितलं. राजेंद्र नावाचा शेजारी समजूत घालत म्हणाला, "तुम्ही कुठे तिला बंद कर म्हणालात?"

"म्हणालो नाही. तिला तसं वाटू दिलं."

चालणं आणि भाकरी ते अजूनही सांगतात, पण आधी विचारणाऱ्याची डॉक्टरांची चिठ्ठी बघतात. लोक आता कमी येतात.

दर दोन दिवसांनी ते एसटीने वाडीवर जातात. चंपाबाईला वाकता येत नाही, म्हणून तिचे तळवे उजेडात धरून कुठे जखम नाही ना ते बघतात. ती कोंबड्यांचं, भाचरांचं बोलते. बोटांचा विषय काढत नाही. तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटतं. निघताना ती म्हणते, "जेवून जा, दादा." ते पानावर बसतात आणि ती वाढेल ते खातात.